सातवी नोंद

आमच्या वृद्धसेवा केंद्रात रुग्णाने मारलं तर आधी जखम धुवायची नसते, आधी फॉर्म भरायचा असतो. त्यातला पहिलाच प्रश्न: ‘आपण रुग्णाला काय केलंत?’ म्हणजे मार खाणाऱ्याने आधी गुन्हा कबूल करायचा, मग औषध मागायचं.

मी इथला मदतनीस. उठवणं, आंघोळ, कपडे, भरवणं, दाढी ही माझी कामं. सगळे मला मामा म्हणतात आणि व्यवस्थापन रोज तो शब्द खरा करून दाखवतं.

आठ नंबरच्या खोलीतल्या आजोबांना आम्ही पैलवान म्हणायचो. वजन बेचाळीस किलो. आठवण गेलेली, पण उजव्या हाताचा नेम देवाने शाबूत ठेवलेला. एरवी खिडकीशी बसून राहतील, कुणाच्या अध्यात ना मध्यात. दाढीला गेलं की खाडकन! तीन आठवड्यांत सहा नोंदी, त्यातल्या चार माझ्या गालावर.

प्रत्येक हल्ल्यानंतर माणसं वाढवायची, हा आमचा नियम. आधी मी एकटा, मग दोघं, मग तिघं. एकाने हात धरायचे, दुसऱ्याने डोकं, आणि मी फेसाचा डबा नि प्लास्टिकचं रेझर घेऊन म्हणायचं, “घाबरू नका हं आजोबा!” त्यांच्या जागी आपण असतो तर किती गोड हसलो असतो!

मग प्रशिक्षक आले. तासभर पूर्वरंग रंगला. उत्तररंगाला हात घालणार तोच त्यांची गाडी आली. जाताना प्रत्येकाला एक गुळगुळीत पत्रक मिळालं: ‘रुग्णाच्या नजरेतून जग पाहा.’ सुजलेल्या गालावर धरलं. गार लागलं. अगदीच फुकट गेलं असं नाही.

“मामा, सातवी नोंद झाली की आठ नंबर तिसऱ्या मजल्यावर,” आमच्या व्यवस्थापक मॅडमनी सांगून टाकलं.

तिसऱ्या मजल्यावर कुणी कुणाला मारत नाही. सकाळ-संध्याकाळ गुंगीची गोळी, पलंगाला दोन्ही बाजूंनी कठडे. अहवालात त्याला ‘शांत वातावरण’ म्हणतात. वर गेलेला माणूस पुन्हा खिडकीशी बसलेला मी पाहिला नव्हता. आणि पुढची दाढी उद्याच होती.

वर हलवायच्या संमतीच्या कागदावर आगाऊ सही करायला आजोबांची मुलगी आली. पेन हातात घेतलं आणि पुन्हा खाली ठेवलं.

“मामा, बाबा खरंच मारतात हो?”

“मनापासून मारतात, ताई. पण फक्त दाढीच्या वेळी.”

ती हसायला लागली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. “अहो, चाळीस वर्षं सलून चालवलं त्यांनी! खालून वर वस्तरा ओढला म्हणून दोन कारागिरांना पहिल्याच दिवशी घालवून दिलं होतं.”

मी फाइल काढली. शौचाच्या वेळा होत्या, उरलेल्या दातांची मोजदाद होती. व्यवसाय: ‘खाजगी’. आणि मी तीन आठवडे कोरड्या गालावर डब्यातला फेस फासून, खालून वर खरवडत होतो. देवा, सहाच मारले, तुझी कृपा!

“ताई, सही उद्या करा. त्यांचा ब्रश घरी असेल तर तेवढा आणून द्या.”

सकाळी दोघा सोबत्यांना मी चहाला पिटाळलं. घरून दाढी न करताच आलो होतो. कोमट पाणी, साबणाची वाटी, प्लास्टिकचं रेझर आणि ताईंनी आणून दिलेला तो जुना ब्रश आजोबांपुढे ठेवला आणि स्टुलावर समोर बसलो.

मग त्यांनी ब्रश भिजवला, झटकला.

“बऱ्याच दिवसांनी, साहेब.”

“सवडच मिळेना.”

“घरचे बरे?”

“बरे आहेत.”

शिवी सोडून त्यांचा शब्द मी कधी ऐकला नव्हता. मी तरी काय बोललो होतो? ‘घाबरू नका. हात खाली, तोंड वर.’

साबण कानापर्यंत आला. गुदगुल्या झाल्या, मी मान हलवली आणि गालावर चापट बसली. “हलायचं नाही!”

नेमक्या मॅडम दारात. हातात नोंदवही. “सात! आणि बाकीचे दोघं कुठायत?”

“हल्ला नाही, मॅडम. मी हललो.”

“मी डोळ्यांनी पाहिलं.”

आजोबांनी ब्रश न थांबवता खुर्चीकडे मान केली. “बसा. यांच्यानंतर तुमचा नंबर.”

मॅडम आमच्यासमोर कधी बसत नसत. बसल्या.

त्यांनी माझी दाढी वरून खाली उतरवल्यावर मी ब्रश घेतला. “आता तुमची करू?” आजोबांनी हनुवटी आपणहून वर केली. मी साबण मुरू दिला आणि रेझर वरून खाली आणलं. घाई झाली की ते दोन बोटांनी माझं मनगट धरायचे, सोडायचे. दोन्ही गाल झाले. हात उठला नाही.

मॅडमचं पेन उघडंच होतं. “पण ती चापट? ‘आपण रुग्णाला काय केलंत’ इथे काय लिहू?”

“लिहा, गिऱ्हाईक झालो.”

त्यांनी वही मिटली.

आठवड्याभरात परिपत्रक निघालं, त्यांच्याच सहीचं: ‘दाढीपूर्वी रुग्णाशी संवाद साधावा. कालावधी दोन मिनिटं.’ ते शिकवायला तेच प्रशिक्षक पुन्हा येणार आहेत.

आजोबा अजून खिडकीशीच आहेत. मी एक दिवसाआड दाढी न करता घरून निघतो. मान हलवायची खोड काही जात नाही, चापट चुकत नाही. नोंद अजून सहाच.