लेबल नसलेले चोवीस डबे

मी दुकानातच ओरडले. "चोवीस? चार डॉलरला चोवीस?"

"हळू, ट्रुडी," मिसेस ग्रेबर म्हणाल्या. ट्रकमध्ये पाणी शिरून लेबलं धुऊन गेली होती. आत काय आहे ते त्यांनाही माहीत नव्हतं. मका असेल, पीच असतील, कुत्र्याचं खाणंही असेल. नुसते चकचकीत, उघडेनागडे डबे, तळाशी कारखान्याचे बारीक आकडे ठोकलेले. त्या आकड्यांचा अर्थ लावत बसायला कुणाला वेळ आहे!

मिसेस ग्रेबरांच्या दुकानात माल असाच येतो. चेपलेले डबे, फाटकी खोकी, तारीख टळून गेलेली बिस्किटं. आमच्या गावात निम्मे लोक तिथून घेतात आणि उरलेले निम्मे घेतात पण सांगत नाहीत. मी सांगते. स्वस्तात घेतलेली वस्तू मिरवायची नाही तर घ्यायची कशाला?

खोकं गाडीत टाकलं आणि घराकडे वळतानाच माझ्या डोक्यात डाव शिजला. डाव माझ्या सासऱ्यांसाठी होता.

ऑर्व्हिल माझे सासरे. फेब्रुवारीत ते आमच्याकडे राहायला आले. मार्चमध्ये लॉन्ड्रीत माझे तास कमी झाले, मग माझ्या नवऱ्याचं, कर्टचं, ट्रेलरच्या कारखान्यातलं काम आठवड्याला तीन दिवसांवर आलं, आणि एका रात्री आम्ही नवरा-बायको स्वयंपाकघरात पैशांबद्दल जे बोललो ते त्यांनी ऐकलं असावं. दुसऱ्या दिवसापासून हा माणूस जेवेनासा झाला. अर्धा टोस्ट खायचा आणि म्हणायचं, "भरलं पोट." मॅकरोनी वाढायला गेलं की बशीवर हात आडवा. पँटला सुतळी बांधायची वेळ आली. आणि आता त्यांनी परस्पर फोन करून काउंटीच्या सरकारी वृद्धाश्रमात जागा मागितली होती. सोमवारी माणूस येणार होता त्यांना घेऊन जायला. मला हे अजिबात, अजिबात मंजूर नव्हतं. भांडून झालं, रडून झालं, म्हातारा ढिम्म हलेना.

म्हणून डाव. शुक्रवारी संध्याकाळी सहाला मी टेबलावर आठ डबे मांडले, मधोमध मॅकरोनीचं पातेलं आणि शिळ्या ब्रेडचे टोस्ट ठेवले आणि नियम सांगितला.

"डबा हातात घ्यायचा, आत काय ते सांगायचं. बरोबर आलं तर डबा उद्यासाठी फ्रीजमध्ये. चुकलं तर ज्याचा डबा त्यानेच संपवायचा. पूर्ण. कुरकुर चालणार नाही."

"ही शिक्षा आहे की जेवण?" कर्ट म्हणाला.

"तुझ्यासाठी शिक्षा. बस."

आमची ब्रिटा, वय वर्षं नऊ, खुर्चीवर उभीच राहिली. "मी पहिली! मी पहिली!" तिने डबा कानाशी धरून असा हलवला की मला वाटलं फुटतोय आता. "पीच! साखरेच्या पाकातले!"

उघडला तर फरसबी. तिचं तोंड पाहण्यासारखं झालं. कर्टने "कुत्र्याचं खाणं" म्हणून मका उघडला आणि चमचा घेऊन खुशाल बसला. मग मी डबा सासऱ्यांपुढे सरकवला. खुळखुळ ऐकून कोण ओळखणार? हरणार म्हणजे हरणारच, आणि नियम म्हणजे नियम.

त्यांनी डबा हलवला नाही. चष्मा कपाळावरून खाली घेतला, डबा उलटा केला, तळावर अंगठा फिरवला.

"बीट," ते म्हणाले. "चकत्या केलेलं."

उघडला. बीट. चकत्या केलेलं!

"नशीब," मी म्हणाले आणि चिडून माझा डबा उचलला. अननस म्हणाले, निघाला पालक. पालक मला जन्मात आवडलेला नाही. तो गिळता गिळता मी त्यांना दुसरा डबा दिला.

"लाल भोपळा."

लाल भोपळाच निघाला.

"ग्रँपा, तू जादू करतोस!" ब्रिटा किंचाळली.

"जादू कसली? तेहेतीस वर्षं या डब्यांवर शिक्के मारलेत मी." त्यांनी डबा तिच्यासमोर धरला. "हे बघ. पहिले दोन आकडे म्हणजे माल. बाकीचे तारीख, पाळी, मशीन. एक्केचाळीस बीट. पस्तीस लाल भोपळा. कारखाना हलवला दुसऱ्या गावी, पण आकडे तेच ठेवलेत बेट्यांनी."

मी कपाळाला हात लावला. म्हातारा डबाबंद भाज्यांच्या कारखान्यात होता हे मला ठाऊक होतं की! पण तिथे काय करायचा ते सोळा वर्षांत मी कधी विचारलं नव्हतं. आणि नियम तरी काय केला होता मी? बरोबर आलं तर उद्यासाठी. हेच तर त्यांना हवं होतं. स्वतः उपाशी राहून आमचं उद्याचं वाचवत होते, आणि वर जिंकत होते!

"आणि सत्तर?" ब्रिटा त्यांच्या मांडीवर कधी चढली कळलंच नाही.

"सत्तरच्या पुढे सगळं मांस. बावीस मटार. पंधरा पीच, तुझे. आणि हा बघ, शिवणीवर चेपलाय, म्हणजे आतलं नासलं असणार. हा फेकायचा, कितीही भूक असली तरी. ट्रुडी, असा डबा घेतलासच कसा?"

"चार डॉलरला चोवीस होते, डॅड!"

"मग आता तेवीस समज."

कर्ट हसून हसून मक्यावर ठसकला. चार महिन्यांत या माणसाने आमच्याशी हवेपाण्यापलीकडे काही बोलणं काढलं नव्हतं, आणि आता थांबेना. टोमॅटोच्या दिवसांत रात्रंदिवस तीन पाळ्या कशा चालायच्या, कोपरापर्यंत हात कसे लाल व्हायचे, एकदा आख्खी पाळी पीचवर मटारचा शिक्का कसा बसला आणि गावात किती दिवस लोक मटार म्हणून पीच खात होते. गालांवर रंग चढला होता त्यांच्या. मला इतका आनंद झाला की मी उठून त्यांना मिठी मारली असती. पण त्यांची बशी कोरडी होती.

ब्रिटाने पुढचा डबा उलटा केला. "बावीस! मटार!" मटारच निघाले, आणि ती टेबलाभोवती नाचत सुटली. आता टेबलावर एकच डबा राहिला, आणि पाळी होती सासऱ्यांची.

गेलंच सगळं, मी मनात म्हटलं. हाही ओळखणार, फ्रीजमध्ये जाणार, आणि सोमवारी हा माणूस पँटला सुतळी बांधून निघून जाणार.

त्यांनी डबा उलटा केला. अंगठा फिरवला. मी शेजारीच उभी होते, ब्रिटा त्यांच्या खांद्यावरून वाकली होती. आकडा आम्हा तिघांनाही स्पष्ट दिसत होता. चौऱ्याहत्तर.

ते आकड्याकडे बघत राहिले. मग ब्रिटाकडे बघितलं, मग पातेल्याकडे.

"मटार," ते म्हणाले.

ब्रिटाने तोंड उघडलं. मी तिचा दंड धरला, पण गरजच नव्हती. तिने तोंड मिटलं, माझ्याकडे बघितलं, आणि मोठ्या माणसासारखी गंभीर होऊन कपाटातून सगळ्यात मोठा वाडगा आणायला गेली.

कर्टने डबा उघडला. गोमांसाचा रस्सा होता, बटाटे आणि गाजर घातलेला. मी तो गरम केला तेव्हा घरभर वास सुटला.

"ग्रँपा, तू हरलास," ब्रिटा म्हणाली आणि वाडगा त्यांच्यापुढे ठेवला.

"हरलो खरा," ते म्हणाले.

ते जेवले. आधी हळूहळू, मग भराभर, मान खाली घालून. आम्ही उगाच इकडेतिकडे बघत होतो. टोस्टने वाडगा पुसून काढला, तो टोस्ट खाल्ला, आणि मग रिकामा वाडगा माझ्यापुढे धरला.

"अजून आहे का काही?"

"आहे की!" मी जवळजवळ ओरडलेच. रस्सा संपला होता, पण मी मॅकरोनी वाढली, त्यावर बीट, त्यावर ब्रिटाचे मटार. उद्याचं सगळं वाढून टाकलं. त्यांनी हात आडवा धरला नाही.

कर्टने घसा खाकरला. "डॅड, सोमवारी तो माणूस येणार आहे. त्याला काय सांगायचं?"

सासऱ्यांचा घास तोंडात होता. तो त्यांनी सावकाश चावून गिळला.

"जागा दुसऱ्या कुणाला तरी दे म्हणावं," ते म्हणाले. "मी जेवतोय."