रायरांचं एक सूत

सेतुमाधवरावांनी आयुष्यात एकच वस्तू स्वतः घडवली होती. तंजावूरच्या पॉलिटेक्निकात गणित शिकवणाऱ्या या गृहस्थांनी ब्याण्णव साली कपाटं आखून देणारा एक प्रोग्राम लिहिला. लांबी, रुंदी, खोली सांगा, फळ्या किती आणि ड्रॉवर किती ते सांगा, की पडद्यावर कपाट उभं राही आणि कुठला तुकडा किती मापाचा कापायचा ते कागदावर खरखरत बाहेर येई. त्याचं नाव त्यांनी ‘अलमारी’ ठेवलं होतं. मराठी, तमिळ, कुणालाही कळावं म्हणून.

तो पहिल्यांदा घेतला पापनाशमच्या नागलक्ष्मी अम्मांनी. वडिलांचं सुतारकामाचं वर्कशॉप त्या एकहाती चालवत. बाजार खुला झाला तशी प्लायवूड आणि सनमायकाच्या स्वयंपाकघरांची टूम गावोगाव पसरली होती, आणि एक माप चुकलं की अख्खी शीट वाया जाई. अम्मांचं बघून कुंभकोणमपासून तिरुचीपर्यंतच्या आणखी पाच वर्कशॉपांनी ‘अलमारी’ घेतली. सेतुमाधवराव बसमधून जाताना एखाद्या नव्या घराकडे बघत आणि आत आपलं कपाट असेल का, याचा विचार करत. एवढंच त्यांचं सुख, पण ते खरं होतं.

त्या सुखाला विंडोजची दृष्ट लागली. प्रोग्राम एकदा लिहिला की संपलं, असं समजणारा माणूस भोळा. पंच्याण्णवचं विंडोज आलं आणि माऊस रुसला. त्याला वठणीवर आणलं तर प्रिंटरने संप पुकारला. प्रत्येक वेळी सहा ठिकाणांहून फोन, प्रत्येक रविवारी फ्लॉपी खिशात घालून बस. घरी ते चडफडत, पण रोज मरे त्याला कोण रडे, या न्यायाने त्यांच्या पत्नी चंद्रमतीबाईंनी ती चडफड ऐकणं कधीच सोडून दिलं होतं.

अठ्ठ्याण्णवच्या आयुधपूजेला अम्मांनी नवा कॉम्प्युटर घेतला. करवत, रंधा आणि मॉनिटर, तिघांनाही चंदनकुंकू लागलं. आणि ‘अलमारी’ उघडलीच नाही. शून्याने भागाकार झाला, अशी एक ओळ दाखवून ती मिटून गेली.

सेतुमाधवरावांनी बरेच दिवस डोकं फोडल्यावर कारण सापडलं, आणि ते ऐकून कुणीही कपाळावर हात मारला असता. नवं यंत्र फार वेगवान होतं. सुरू होताना प्रोग्राम यंत्राचा वेग मोजत असे, आणि हा वेग त्या मोजमापात मावतच नव्हता. तो तुकडा त्यांनी लिहिलेलाही नव्हता. ज्या भाषेत प्रोग्राम लिहिला तिच्या सामानाबरोबर तो आलेला होता. दुसऱ्याच्या पापाचे धनी आपण. शिव्या तरी कुणाला घालणार?

त्याच सुमारास कोइमतूरचा एक एजंट परदेशी सॉफ्टवेअर घेऊन फिरू लागला. त्यात स्वयंपाकघर रंगीत दिसे, नळाची सावलीसुद्धा पडे. अम्मांनी सेतुमाधवरावांना स्पष्टच सांगितलं, की तई महिन्यात, पोंगल झाल्यावर, एका डॉक्टरांच्या घराचा गृहप्रवेश आहे, त्यांचं स्वयंपाकघर वेळेवर उभं राहायला हवं. नव्या यंत्रावर ‘अलमारी’ चालली तर मला दुसरं काही नको. नाहीतर मी त्या एजंटाला बोलावते.

अम्मा गेल्या की बाकीचे पाच गेलेच, हे त्यांना ठाऊक होतं. मग मागे काय उरणार? पॉलिटेक्निकातले आणखी एक गणिताचे सर. त्यांनी ठरवलं, आता ठिगळं पुरे, सगळा प्रोग्राम विंडोजसाठी नव्याने लिहायचा.

“असकं पहिल्यापासून?” चंद्रमतीबाई आपल्या तंजावुरी मराठीत म्हणाल्या. “ते आणिक दोन वर्षांनी नवं काढणार, तुम्ही आणिक लिहीत बसणार. हे कधी सरणार म्हणून कोण्ही तुम्हांस सांगटलंय?”

सेतुमाधवरावांनी दिवाळीच्या सुट्टीपासून जी मान खाली घातली, ती डिसेंबरात मार्गळी महिन्याचे कोलम, म्हणजे रांगोळ्या, दारात पडू लागले तेव्हाच वर केली.

लिहिता लिहिता त्यांना जुन्या प्रोग्राममधली एक चूक सापडली. कपाटाचं दार अडकू नये म्हणून रुंदीतून एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा, वजा करायचं असतं. त्यांनी ते दोनदा वजा केलं होतं. इतकी वर्षं प्रत्येक दार कागदावर एक सूत कमी येत होतं. त्यांचे कान तापले. पण कुणी तक्रार केली नव्हती, म्हणजे एका सुताने कुणाचं काही बिघडलं नसावं, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. चूक गुपचूप दुरुस्त केली आणि कुणाला बोलले नाहीत. गणिताच्या मास्तरांनी वजाबाकी चुकवली, हे सांगायचं कोणत्या तोंडाने?

नवी ‘अलमारी’ पापनाशमला सुरळीत चालली. अम्मांनी त्यांना समोर बसवून कॉफी पाजली आणि एजंटाला नको म्हणून कळवून टाकलं. परतीच्या बसमध्ये सेतुमाधवराव चक्क गुणगुणत होते.

पोंगलच्या तोंडावर अम्मांचा फोन आला. या, एवढंच म्हणाल्या.

डॉक्टरांच्या स्वयंपाकघरात एकही दार मिटत नव्हतं. सगळी दारं चौकटीला घासत होती. सनमायका चढलेली, कडा बंद केलेल्या, आता रंधाही मारता येईना. सेतुमाधवरावांनी टेप काढून दार मोजलं, मग कागद पाहिला. दार कागदापेक्षा एक सूत मोठं होतं. दुसरं मोजलं, तेही तसंच.

त्यांचा पारा चढला. कागदावर धडधडीत माप छापलेलं असताना मोठं कुणी कापलं, म्हणून ते सुतारांवर घसरले. सुतार एकमेकांकडे बघू लागले. शेवटी त्यांच्यातला वयस्कर होता तो जमिनीकडे बघत पुटपुटला, “रायर नूल.”

नूल म्हणजे आपलं सूत. आणि तंजावूरकडच्या मराठी घरांतल्या माणसांना तमिळ लोक रायर म्हणतात. अम्मांनी मग तमिळमध्ये सगळं उलगडून सांगितलं. पहिल्याच महिन्यात लक्षात आलं होतं की कागदावरचं दार एक सूत कमी येतं. तेव्हापासून दार कापताना त्यात रायर नूल मिळवायचं, हे इथे आलेल्या प्रत्येक सुताराला पहिल्या दिवशी शिकवलं जातं. बाकीच्या पाच ठिकाणीही हीच रीत गेली होती.

सहा गावांत सेतुमाधवरावांचं नाव रोज घेतलं जात होतं, आणि ते या कारणासाठी.

“मला का नाही सांगितलंत?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही रायर. कॉलेजात गणित शिकवता,” अम्मा म्हणाल्या. “तुमचं माप चुकलं म्हणून कोण बोलणार? आणि एक नूल मिळवलं की दार बसत होतं. आमचं अडलं कुठे?”

अहो, पण आता ते बरोबर केलंय, ते म्हणाले. आता मिळवू नका, कागदावर आहे तेच कापा. हे सांगताना आवाज चढला तो त्यांना आवरला नाही. राग नेमका कुणावर, तेही कळेना. हे लोक गप्प राहिले म्हणून चिडावं, तर आपणही गप्पच राहिलो होतो.

अम्मा म्हणाल्या, “रायर, या सगळ्यांचे हात बदलू, की तुम्ही तुमची एक ओळ बदलता?”

दारं पुन्हा कापली गेली, गृहप्रवेश कसाबसा पार पडला. सेतुमाधवराव मात्र हटून बसले. खरं ते खरं. चुकीचं माप मी जाणूनबुजून छापणार नाही. शेवटी त्यांनी मधली वाट काढली. ‘अलमारी’ उघडताच ती विचारू लागली: जुनं माप हवं की नवं? माणसाला निवडू दिलं तर तो बरोबर तेच निवडतो, असा त्यांचा मास्तरकीतला जुना विश्वास होता. फ्लॉप्या सहाही ठिकाणी गेल्या.

सहाही ठिकाणी लोकांनी जुनं निवडलं. कुंभकोणमहून तर फोन आला, की सर, प्रोग्राम फार छान आहे, पण ते उगाच रोज विचारणं तेवढं काढून टाका.

चंद्रमतीबाईंनी कॉफीचा डबरा-टंबलर आणून कीबोर्डशेजारी ठेवला. सेतुमाधवरावांनी प्रश्न काढून टाकला. मग दाराच्या रुंदीतून एक सूत वजा केलं, आणि खालच्या ओळीत तेच सूत पुन्हा एकदा वजा केलं. संतापाने त्यांचे डोळे भरून आले होते. पडद्यावरची कपाटांची चित्रं, माऊस-प्रिंटरसाठी लिहिलेल्या ओळी, प्रोग्रामची भाषा, त्यांच्या हातचं काहीच नव्या यंत्राने ठेवलं नव्हतं. जुन्या ‘अलमारी’तून जशीच्या तशी उचलून आणावी लागली, ती एवढी एकच चुकलेली ओळ.