लेखात ‘आहेत’ नव्हतं

वाचनालयातल्या श्रुतिकाने कात्र्या आणि डिंक वाटला. बोरीवलीच्या इतिहासावर कविता करायची. एकही शब्द स्वतःचा लिहायचा नाही, कापायचा आणि चिकटवायचा. कापायला आमच्या कॉलनीच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या झेरॉक्स होत्या.

इतिहासाचा लेख नंदकिशोरचा. माझ्या शेजारच्या रेवतीचा नवरा. सात वर्षांपूर्वी सकाळी नॅशनल पार्कात फिरायला गेला, तो परतलाच नाही. पोलीस, पोस्टर, ज्योतिषी, सगळं करून झालं. आता बिल्डिंग पाडायची आहे, घर दोघांच्या नावावर. म्हणून मंगळवारी दिंडोशीच्या कोर्टात रेवतीने सांगायचं होतं, माझ्या नवऱ्याला मृत समजा. वकिलाचा कागद महिनाभर सहीवाचून पडलेला. लेक दीप्ती रोज फोनवर विचारायची, “आई, केलीस?”

घरात कुढत बसते म्हणून मीच तिला इथे ओढून आणली. लेख त्याचा निघेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. माझी अक्कल!

रेवतीने लेख दोनदा वाचला. “मला ‘आहेत’ शोधून दे गं.”

“कशाला?”

“हे आहेत, एवढंच लिहायचंय.”

मी माझ्या नवऱ्याला नावाने हाक मारते, चिडले की आडनावाने. रेवतीचं मात्र लग्नापासून ‘हे’. माणूस गेला की बायकांच्या तोंडी ‘हे’चं आपोआप ‘ते’ होतं. तिचं सात वर्षांत झालं नव्हतं.

मी शोधत बसले. बोरींची झाडे होती. भातखाचरे होती. तळ्यावर बगळे होते.

“काय माणूस आहे! एकालाही जिवंत ठेवलं नाही,” मी बोलून गेले आणि जीभ चावली.

रेवती हसली. “इतिहास ना तो. यांना मी तेव्हाच म्हटलं होतं, जरा आत्ताचंही लिहा.”

शेवटी मागच्या जाहिरातींत सापडला. कुठल्याशा बिल्डरची: ‘फक्त तीन फ्लॅट शिल्लक आहेत.’

“घे बाई. बिल्डरच पावला.”

तिने तो शब्द कापून तळहातावर ठेवला. बराच वेळ बघत राहिली. मग कात्री घेऊन पुढचा ‘आ’ उडवला, मागचा ‘त’ उडवला. मधलं ‘हे’ कोऱ्या कागदावर चिकटवलं. लेखातून बगळ्यांपुढचं ‘होते’ कापलं आणि त्याच्या शेजारी लावलं.

हे होते.

मी उगाच डिंकाचं झाकण लावत बसले.

श्रुतिका फिरत फिरत आली. “काकू, एवढीच कविता? अजून अर्धा तास आहे.”

“झाली गं माझी,” रेवती म्हणाली. तिने बोटांवरचा डिंक रुमालाला पुसला आणि माझ्याकडे वळली. “मंगळवारी कोर्टात येशील? सही आज घरी गेल्यावर करते. पण तिथे दीप्तीसमोर मला रडता येणार नाही.”

“माझ्यासमोर रड,” मी म्हटलं. “मी तुझ्या आधीच सुरू करीन.”