दोन गोळ्या कमी

राळेगावच्या बसस्टँडजवळ अब्दुल गनीचं खेळण्यांचं दुकान होतं. एका दुपारी तो एसटीतून उतरून भागीरथाबाईच्या दारात उभा राहिला, तेव्हा तिला आधी ओळखच पटली नाही. दुकानदार कधी गिऱ्हाइकाच्या घरी येतो का?

तो आला होता माल परत न्यायला. उन्हाळ्यात तिनं नातीसाठी, सलोनीसाठी, त्याच्याकडून चुंबकाच्या गोळ्यांची डबी नेली होती. ज्वारीच्या दाण्याएवढ्या चकचकीत गोळ्या. आता कंपनीनं त्या सगळ्या डब्या परत मागवल्या होत्या, लेकरांच्या जिवाला धोका म्हणून. गनीनं बारा डब्या विकल्या होत्या. एकेक गिऱ्हाईक आठवत तो गावोगाव हिंडत होता.

डबी हरवली, असं भागीरथाबाईनं सांगून टाकलं. डबी आतल्या खोलीत, भिंतीतल्या देवळीत होती. सलोनी पुण्याला परत गेल्यापासून रोज दुपारी ती गोळ्या ताटात ओतायची, त्यांची माळ करायची आणि मोडायची. नवरा, विठ्ठलराव, जाऊन पाच वर्षं झाली होती, वावर बटईनं, अर्ध्या पिकाच्या वाट्यावर, दिलेलं होतं. दिवसभर घरात दुसऱ्या माणसाचा आवाज नसायचा. त्या गोळ्या निदान एकमेकींकडे धावायच्या.

गनी काही उठेना. शेवटी तीच म्हणाली, "माह्या घरी लेकरूच नाही, गनीभाऊ. मंग गिळन कोन?"

त्यानं पाणी पिऊन शांतपणे सांगितलं. एक गोळी पोटात गेली तर बहुतेक वेळा निघून जाते. पण दोन वेगवेगळ्या गेल्या, की आतड्याच्या दोन वेढ्यांतून एकमेकींना ओढतात, आणि मधलं आतडं चिमटून त्याला भोक पडतं. लेकरू नुसतं पोट दुखते म्हणतं. घरच्यांना वाटतं, काहीबाही खाल्लं असेल.

ती आत गेली आणि डबी घेऊन आली.

डबीवर दोनशे सोळा लिहिलं होतं. गनीनं दहा-दहाच्या रांगा लावून मोजल्या, तर दोनशे चौदा भरल्या. पुन्हा मोजल्या, तरी तेवढ्याच. तिनं एकही कधी ताटाबाहेर जाऊ दिली नव्हती. मग सलोनीचं पुण्याला जाणं तिला आठवलं, आणि पुण्याच्या घरात जमिनीवर रांगणारा दहा महिन्यांचा नातूही.

तिनं कपिलला फोन लावला. मुलगा कामाच्या वेळी फोन उचलायचा नाही, आणि एकदा वाजून बंद झाला की ती पुन्हा कधी लावायची नाही. त्या दिवशी तिनं नऊ वेळा लावला. दहाव्यांदा तो वैतागून बोलला. तिनं सगळं सांगितल्यावर मात्र घरी विचारून कळवतो म्हणाला.

गनीची परतीची बस निघून गेली. तो ओट्यावर बसून राहिला, ती उंबऱ्यात.

पाऊण तासानं फोन आला. गोळ्या सापडल्या होत्या. सलोनीच्या कंपासपेटीत, कर्कटकाला चिकटलेल्या. बाळ बरं होतं. मग सलोनीच फोनवर आली. ती रडत होती.

"आजी, तुझ्या घरच्या होत्या ना, म्हणून आणल्या."

"बाबाजवळ दे त्या, माय," भागीरथाबाई म्हणाली. "मी तुले दुसरं काही धाडतो."

त्यानंतर कपिल बराच वेळ बोलला. बीपीच्या गोळ्या घेते का, कापूस कसा आहे, सगळं विचारलं. इतकं तो कित्येक महिन्यांत बोलला नव्हता. दिवाळीला यायचं पाहू, म्हणाला. ये म्हणाली ती. कोणत्या दिवाळीला, ते विचारलं नाही.

गनीनं डबी पिशवीत टाकली. अजून पाच घरं राहिली होती. त्याला रस्ता ठाऊक होता, तरी ती त्याच्याबरोबर फाट्यापर्यंत चालत गेली. बस आली, तो चढला, धुरळा खाली बसला.

शेतातून परतणाऱ्या मैनाबाईनं विचारलं, "कुठी चालली वं, भागीरथाबाई?"

"कुठीच नाही," ती म्हणाली, आणि तिथंच उभी राहिली.