ढोलाचं चित्र

मुक्या चित्राला वाचा देणारा माणूस शतकात एकदाच जन्माला येतो. आमच्या मोंतेविदेओ शहरात तो मीच, असं मला मंगळवारी दुपारभर वाटत होतं.

आमच्या वस्तीच्या कार्निव्हलची वेबसाइट समितीने माझ्या गळ्यात घातली आहे. तिच्यावरचं ढोलाचं चित्र ही तिकिटांची लिंक. माझा ढोलवादक मित्र वाल्देमार आता आंधळा आहे. त्याचा फोन चित्रामागे लिहिलेला, पडद्यावर न दिसणारा मजकूर वाचून दाखवतो, पण तिथे नुसता फाइलचा नंबर होता. दर वर्षी तिकिटासाठी सुनेच्या विनवण्या करून तो कंटाळला होता. म्हणून मी ढोलाचं साग्रसंगीत वर्णन लिहिलं: लाकूड, कातडं, घाम, आजोबांचे हात.

फोन वाचू लागला. वाल्देमारने ‘माते’ या आमच्याकडच्या कडू चहाचा पेला संपवला, पुन्हा भरला.

“अरे म्हाताऱ्या, हा ढोल मी चाळीस वर्षं खांद्यावर वागवलाय! दाबल्यावर काय होतं, ते लिही की.”

मी सगळं पुसून ‘तिकीट काढा’ एवढंच लिहिलं. फोन ते बोलला आणि वाल्देमारने स्वतःच दाबलं.

“दोन काढली. तू माझ्या शेजारी बस,” तो म्हणाला. “फक्त मंचावर काय चाललंय, ते मला सांगत बसू नकोस.”