देवरावची शोकसभा

देवरावची बायको रुखमाबाई धंतोलीच्या दवाखान्यात सकाळी वारली. सदरच्या फुटबॉल क्लबात ती बातमी दुपारी पोचली, पण उलटी पोचली.

बायकोचं नाव देवरावने तीस वर्षांत चारचौघांत घेतलं नव्हतं. त्या दिवशीही ते तोंडातून निघेना. "देवरावच्या घरचं माणूस गेलं गा," एवढंच त्याने फोनवर बसक्या आवाजात सांगितलं. क्लबाच्या कारकुनाने माणूस म्हणजे देवरावच धरला.

तिसऱ्या दिवशी पेपरात आलं. एके काळचे नामांकित फुलबॅक देवराव यांचे निधन. आदल्या संध्याकाळी क्लबात सभा झाली, सगळे दोन मिनिटं उभे राहिले, हेही त्यात होतं. असा बॅक नागपुरात पुन्हा होणे नाही, असं अध्यक्ष म्हणाले. बासष्ट साली गुडघा मोडला तेव्हा याच अध्यक्षांनी "आता घरी आराम करा" म्हणून त्याला वाटेला लावलं होतं. त्यानंतर सोळा वर्षं क्लबातून कोणी चहालाही बोलावलं नव्हतं.

देवराव पेपर घेऊन, पाय ओढत तडक क्लबात गेला. चिटणीस गोपाळराव खुर्चीतून अर्धवट उठला.

"तू त जिता हायेस गा."

"मी हावो. ती गेली."

गोपाळरावला उमजायला वेळ लागला. "गलती झाली भाऊ. उद्याच दुरुस्ती छापतो. बस, चहा घे."

"चहा नको. तिची सभा घ्या. पंधरा वर्षं तुमच्या अकरा जर्स्या तिनंच धुतल्या. फायनलच्या आदल्या दिवशी पोरगी तापानं फणफणून राहिली होती, तरी धुतल्या."

"ते खरं हाय. पण बाईमाणसाची शोकसभा क्लबात कधी झाली नाही. अध्यक्ष काय म्हणतीन?"

"माह्यासाठी जे म्हणले त्यातलं अर्धं म्हणा. माही त होऊन गेली, मी खरंच मरीन तवा घेऊ नका. तिची घ्या."

गोपाळराव हसणार होता, पण देवरावचं तोंड पाहून थांबला. त्याने लिहायला एक जुनं पाकीट पुढे ओढलं. "बरं, बैठकीत मांडतो. वहिनीचं नाव काय लिहू?"

देवराव खेळत होता तेव्हा गोपाळराव ज्या घरी महिन्यातून दोनदा जेवायचा, त्या घरच्या बाईचं नाव त्याला ठाऊक नव्हतं. देवरावला राग आला, पण कोणावर काढावा ते कळेना. त्याने तरी ते कधी कोणाला सांगितलं होतं?

"रुखमा," तो म्हणाला. "रुखमाबाई लिहा."

दुसऱ्या दिवशी दुरुस्ती आली. देवराव हयात आहेत, चुकीबद्दल दिलगीर आहोत. बायकोचा त्यात उल्लेख नव्हता.

त्यालाही आता पाच महिने झाले. देवराव तीनदा जाऊन विचारून आला. दर वेळी गोपाळराव पुढच्या बैठकीचं सांगतो. रुखमाबाईची शोकसभा अजून झालेली नाही.