खालून वारा

मुरबे गावात खारा वारा काय काय खातो ते मंजुळाबाईला विचारावं. त्यानं तिचा टीव्ही खाल्ला, दोन मिक्सर खाल्ले, मुलगा दादू याच्या मोटरसायकलीलासुद्धा सोडलं नाही. म्हणून तिच्या घरात नवी वस्तू आली की तिला अंगडं शिवलं जातंच. नात जागृती कॉलेजात गेली, लॅपटॉप घरात आला, तेव्हा मंजुळाबाईनं बोंबील झाकायच्या ताडपत्रीचा चांगला तुकडा निवडला आणि त्याला पोटाखालून, कडेनं, सगळीकडून घट्ट शिवून घेतलं. पडदा आणि बटणं तेवढी उघडी. शिवलं तेही जाळ्याच्या नायलॉन दोऱ्यानं, गाठी मारून.

तिची सून, प्रेमला, म्हणाली, "छान झालं."

"छान नाय तर काय? मी शिवलंय."

त्यानंतर त्यावर कोणी काही बोललं नाही. मंजुळाबाईच्या कामावर बोलायची त्या घरात रीत नाही.

आता तारापूरच्या एका कारखान्यात, लॅबमध्ये, जागा निघाली होती. मंगळवारी दुपारी तीनला परीक्षा. घरीच बसून द्यायची, दीड तास, कॅमेरा चालू ठेवून. खोलीत दुसरं माणूस दिसलं तर परीक्षा रद्द, आणि लॅपटॉप मध्येच बंद पडला तर परत आत घेणार नाहीत. वर आणखी अट, जुनी सिस्टीम चालणार नाही, नवी टाका. जागृतीनं रविवारी ती टाकली. सोमवारी सरावाला बसली तर आतला पंखा बोटीच्या इंजिनासारखा घरघरू लागला, पंधरा मिनिटांत मांडी भाजली आणि पडदा काळा झाला. थंड करून लावला. पुन्हा तेच.

दादू म्हणाला, "बर्फाच्या पेटीत ठेवूया काय जरा?"

"ठेव ना," मंजुळाबाई म्हणाली. "वर मीठ पण मार. पापलेट हाय तो?"

जागृती रडकुंडीला आली होती. मंजुळाबाईला रडणारी माणसं बघवत नाहीत. ती त्यांच्यावर ओरडते. "चांगला चाललेला, नवं घालायला कोणी सांगितलं? नवं ते सगळं सोनं वाटतं तुमाला!" पण मंगळवारी सकाळी आठलाच ती लुगडं नेसून, डोक्यात अबोली माळून दारात उभी. "चल बोईसरला. तुला एकटीला बघून काय पण सांगतील ते."

बोईसर स्टेशनजवळच्या गल्लीत ललितचं दुकान. पोरगा केळव्याचा, तोंडात सुपारी, पण हात हुशार. त्यानं लॅपटॉप उलटा केला आणि हसला.

"हे काय चढवलंय याला?"

मंजुळाबाई बाकड्यावर बसली होती. जागृतीनं एकदा तिच्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "कव्हर हाय. ऑनलाइन मागवलेलं."

"ऑनलाइन? ज्यानं बनवलं त्याला मुंगीपण आत जाऊ द्यायची नव्हती वाटतं. ताई, वारा आत जायची भोकं खाली असतात, गरम वारा निघायची मागं. दोन्ही बंद. मशीन श्वास कुठनं घेणार?"

"मग इतके दिवस कसा चालला?" जागृतीनं विचारलं.

"काम कमी होतं म्हणून. आता नवी सिस्टीम टाकली. पहिले दोन-चार दिवस ती आतल्या आत सगळं लावत बसते, तुमच्या फायली शोधते, याद्या करते. नव्या घरात गेल्यावर भांडी लावायला लागतात ना, तसं. काम वाढलं, उष्णता वाढली, आणि निघायला वाट नाही."

दुकानदाराची मस्करी नाही लागली मंजुळाबाईला. लागलं ते वेगळंच. अर्धी सुकलेली मासळी ढीग करून ठेवली की आतून तापते आणि नासते, हे तिनं गावातल्या बायकांना चाळीस वर्षं ओरडून सांगितलं होतं. खालून वारा ठेवा गं, खालून वारा. आणि इथं तिनंच ढीग केला होता. पोरीला ठाऊक होतं की नव्हतं कोण जाणे. पण ठाऊक असतं तरी ती बोलली नसती, हे मंजुळाबाईला पक्कं कळलं. नोकरी गेली असती तरी बोलली नसती.

ललित कात्री लावत होता. दोरा तुटेना.

"आण इकडं," मंजुळाबाई उठली. "ऑनलाइनबिनलाइन काय नाय. मी शिवलंय ते. कात्रीनं लॅपटॉपला ओरखडा पाडशील. ही गाठ सुटते, पण बांधणाऱ्यालाच."

"आजी, मी तसं नाय..." ललित ओशाळला.

"हसलास ते बरं केलंस. घरात हसायची कोणाची छाती नाय."

नखानं तिनं एकेक गाठ सोडवली. ललितनं मग खालचं झाकण उघडलं, पंख्याला चिकटलेला धुळीचा आणि मिठाचा लगदा ब्रशनं काढला. आत एक सुका जवळासुद्धा निघाला. तो बघून कोणी हसलं नाही. नवी सिस्टीम आतल्या आत करत होती त्यातली थांबवता येतील ती कामं त्यानं थांबवली आणि बजावलं, "गादीवर नाही, मांडीवर नाही. खाली मोकळं पाहिजे."

"ते मला नको शिकवू," मंजुळाबाई म्हणाली.

घरी आल्यावर तिनं जवळा वाळवायची लहान चौकट काढली, चार बांबू आणि त्यावर ताणलेलं जाळं. तीनदा साबणानं धुतली. टेबलावर चार विटा, विटांवर चौकट, चौकटीवर लॅपटॉप. तीनला पाच कमी असताना जागृतीनं आतून दार लावलं आणि मंजुळाबाई बाहेर ओट्यावर राखणीला बसली. शेजारची बायडी गप्पा मारायला आली, तिला हातानंच परतवलं.

आतून पंख्याचा आवाज येत होता. घरघर नव्हती, बारीक सूं होता. अर्धा तास गेला, सूं वाढला. मंजुळाबाईनं पदर मुठीत धरला. मग आवाज एकदम थांबला.

"बंद पडला," प्रेमला कुजबुजली. "आय, बघू काय आत?"

मंजुळाबाई उठलीसुद्धा होती, हात कडीवर. मग थांबली. दार उघडलं आणि लॅपटॉप चालू असला, तर कॅमेऱ्यात आधी आपलंच तोंड दिसणार.

"बस खाली," ती म्हणाली, आणि आपणही बसली. तो तास तिला फार जड गेला.

साडेचारला जागृती बाहेर आली.

"बंद पडला ना गं मधी?"

"नाय. थंड झाला तेव्हा पंखा आपोआप थांबला. शेवटपर्यंत चालला."

मंजुळाबाईनं श्वास सोडला. "आणि पेपर?"

"चांगला गेला, आजी."

मंजुळाबाईनं तिच्याकडं नीट पाहिलं. "कसा गेला ते विचारलं मी. मला बरं वाटेल ते नाय."

जागृतीनं चुळबुळ केली. "सात प्रश्न राहिले. वेळ पुरला नाय. बाकीचे बरोबर हायत, पण नोकरी लागेल की नाय, सांगता नाय येत."

"हां," मंजुळाबाई म्हणाली. "असं बोलत जा." मग आत वळून प्रेमलाला हाक मारली, "पोरीला चहा दे गं. आणि मला पण."